तिकडे पोचला का आवाज?

आधी माइकवर दोन बोटांनी टक् टक्. मग एक फुंकर. मग घसा साफ करायचा, तोही माइकमध्येच. आणि मग, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पेणमार्गे अलिबागला जाणारी गाडी..." गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगून झालं की हे गृहस्थ खिडकीच्या जाळीला नाक लावायचे आणि समोर जो कुणी उभा असेल त्याला विचारायचे, "तिकडे पोचला का आवाज?"

समोरच्याला काय कळणार कप्पाळ! तो बिचारा उरणची गाडी किती वाजता आहे हे विचारायला आलेला असायचा. "कुठं पोचला?" असं तो उलट विचारायचा, आणि मागची रांग वैतागायची. तुम्ही त्या काळात पनवेलच्या एस.टी. स्टँडवर ताटकळला असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही विचारला गेला असेल. बहुतेक तुम्ही उत्तर न देताच निघून गेला असाल. सगळेच जायचे.

ते स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांच्या वेळा बघायच्या, कंडक्टरांच्या कागदांवर सह्या करायच्या आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. स्टँडवरचे कर्णे त्यांच्या केबिनकडे पाठ करून लावलेले होते, कारण कर्ण्याचं तोंड केबिनकडे वळलं की माइक किंचाळायचा. त्यामुळे ज्यांचा आवाज आख्ख्या पनवेलला पाठ होता, त्यांना स्वतःला तो कधीच ऐकू यायचा नाही. त्याचं त्यांना काही वाटायचंही नाही. पण एकदा उंदराने वायर कुरतडली. हे सकाळपासून जीव तोडून पुकारतायत, गाड्या लागतायत, सुटतायत, आणि बाहेर चकार शब्द नाही. दुपारी महाडच्या गाडीला मुकलेले प्रवासी केबिनवर चालून आले तेव्हा कुठे उलगडा झाला.

"भिंतीशी बोलत होतो हो मी," ते मला कितीदा तरी सांगायचे. सांगताना हसायचे. पण त्या दिवसाची त्यांनी धास्तीच घेतली होती.

तेव्हापासून माझी बिनपगारी नेमणूक झाली. माझं कॅसेटचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, केबिनच्या बरोबर समोर. शेवटच्या कर्ण्यापासूनही लांब. माझ्यापर्यंत आवाज आला म्हणजे सगळीकडे गेला, असा त्यांचा हिशोब. पुकारा झाला की ते खिडकीतून माझ्याकडे बघायचे आणि मी हात वर करायचा. हात वर म्हणजे पोचला. माझ्या या हाताने किती रिक्षा फुकट थांबल्या आणि किती रिक्षावाल्यांच्या शिव्या मी खाल्ल्या ते विचारू नका.

बायको लवकर गेली होती त्यांची. घरात ते आणि एक मुलगा. शाळा सुटली की मुलगा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा, बापाची पाळी संपेपर्यंत. हात वर करायचं काम त्याने आपणहून माझ्याकडून काढून घेतलं. अभ्यास करता करता, वहीतून डोकं न काढता, पुकारा संपला की याचा हात वर. तिकडे खिडकीत बापाची मान हलायची. इतक्या लांबून दोघांचं बोलणं व्हायचं ते एवढंच, आणि मला वाटतं त्यांना तेवढं पुरायचं.

या मुलाने पुढे गिटार घेतलं. त्याला मीच जबाबदार आहे असं कंट्रोलर साहेबांचं ठाम मत होतं. "तुमच्या पायरीवर बसून बिघडला, कॅसेटवाले." कॅसेटी जाऊन सीडी आल्या, दुकानाच्या पाटीवर मी नवीन अक्षरं रंगवून घेतली, तरी त्यांच्यासाठी मी कॅसेटवालाच राहिलो.

मुलाचे तीन दोस्त होते. चौघांनी मिळून सुकापूरला एक खोली भाड्याने घेतली, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले आणि आत कोंडून घेऊन गाणी करायला लागले. बँडचं नाव ठेवलं, विनंती थांबा. एस.टी.च्या पोराला दुसरं काय सुचणार? साहेबांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "विनंती थांब्यावर गाडी थांबतेच असं नाही, हे सांगा त्याला," ते मला म्हणाले. मुलाशी सरळ बोलायच्या गोष्टीही ते मलाच सांगायचे.

नऊ गाण्यांची पहिली सीडी निघाली. तिचं नाव 'पहिली फेरी'. एक खोकं माझ्या दुकानात आलं आणि माझी पंचाईत झाली. ठेवायची कुठल्या फळीवर? पिक्चरची गाणी नाहीत, भावगीतं नाहीत, कोळीगीतं नाहीत, आरत्या तर नाहीतच. गिटार, पेटीसारखा एक छोटा कीबोर्ड, हळू वाजणारा ढोल आणि मध्ये या पोराचा आवाज, शेजारी बसून सांगावं तसा. गिऱ्हाईक विचारायचं, "कुठल्या पिक्चरची?" मी म्हणायचो, "अजून निघायचाय." शेवटी ती मी गल्ल्यावरच ठेवली, चॉकलेटच्या बरणीशेजारी.

खोकं आलं त्या दिवशी साहेबही पाळी संपवून दुकानात आले होते. मुलाने वरची सीडी काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, पहिली तुम्ही ऐका."

साहेबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, चष्मा काढून मुलाचं नाव वाचलं आणि परत दिली. "मी नाही. आधी लोकांपर्यंत पोचू दे. लोक काय म्हणतात ते कळू दे. मी शेवटी ऐकीन."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? पुकारणाऱ्याने आपलं आपणच ऐकून काय उपयोग?"

मुलगा हसला. "बरं. मग शेवटी तुम्हीच. तुमच्याशिवाय पूर्ण व्हायची नाही, लक्षात ठेवा." साहेबांना वाटलं, पोरगं लाडात आलंय. मलाही तसंच वाटलं, कारण तोपर्यंत शेवटचं गाणं मी ऐकलेलं नव्हतं.

ते त्याच दिवशी, दुकान शांत असताना ऐकलं. एका गिटारवरचं संथ गाणं, पाटी नसलेल्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचं. गाणं संपतं आणि माइकवर दोन टिचक्या ऐकू येतात. टक् टक्. मग फुंकर. आणि मग तो मुलगा, गाण्याच्या नाही, रोजच्या आवाजात विचारतो, "बाबा, तिकडे पोचला का आवाज?" त्यापुढे काही नाही. सीडी फिरत राहते, आकडे पुढे जात राहतात, आणि नुसती शांतता. चांगली लांबलचक. बापाने उत्तर द्यावं म्हणून पोराने जागा सोडली होती.

पुढचे काही आठवडे साहेबांची मजा बघण्यासारखी होती. पाळी सुटली की रस्ता ओलांडून यायचे, पण दुकानात सीडी चालू असली तर पलीकडेच थांबायचे. मी आवाज बंद केला की मग आत. "काय म्हणतायत लोकं?" हे त्यांनी असं विचारायचं, की जणू हवापाण्याची चौकशी चाललीये.

शेजारचे छत्रीवाले चाचा, ज्यांचे दोन मुलगे दुबईला होते, म्हणाले, "आवाजात दर्द हाय त्याच्या. सच्चा हाय. मी दोनी पोरांना एकेक पाठवली." करंज्याहून मासळी घेऊन येणारी एक मावशी रिकाम्या टोपल्या घेऊन माझ्या सावलीत गाडीची वाट बघायची. ती म्हणाली, "आमाला काय कलतंय त्यातला? पन पोर गोड गातंय. जेवतंय का नाय पोटभर? आवाज असा उपाशी कशाला हाय त्याचा?" नवीन पनवेलचा एक कॉम्प्युटरवाला मुलगा म्हणाला, "प्रॉडक्शन थोडं रॉ आहे, पण फील आहे." साहेबांनी तो गेल्यावर विचारलं, "रॉ म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "कच्चं." ते विचारात पडले. "असेल. पहिलीच आहे ना." एका रिक्षावाल्याने सांगितलं, आपल्याला तर झोप येते. साहेब त्यावरही खूश झाले. "बघा, झोप येण्याइतकं निवांत वाटलं त्याला."

कौतुक असो की नावं ठेवणं, त्यांना दोन्ही सारखंच गोड लागायचं. पोचलं होतं ना! बाकी त्यांना काही नको होतं.

मग तो दिवस आला. अलिबागला चौघांचा कार्यक्रम होता. तो करून मुलगा सकाळी मोटरसायकलवरून परत येत होता. वडखळच्या अलीकडे ट्रकने त्याला उडवलं.

साहेब पहिल्या पाळीला होते. अलिबागच्याच गाडीचा पुकारा चालू होता. मध्येच केबिनमधला फोन वाजला आणि माइकचं बटण चालूच राहिलं. फोन वाजल्याचा आवाज कर्ण्यांतून सगळ्या स्टँडला ऐकू आला. मग त्यांचा आवाज आला. "हो. बोलतोय." मग बराच वेळ काही नाही. मग, "हो. मीच त्याचा बाप." खुर्ची सरकल्याचा आवाज. दार. आणि मग नुसती घरघर. स्टँडवरची माणसं जिथल्या तिथे उभी होती. कुणीतरी आत जाऊन बटण बंद करेपर्यंत ती घरघर चालू होती. त्या दिवशी आवाज सगळीकडे पोचला. माझ्यापर्यंत तर फारच स्पष्ट.

महिन्याभराने ते कामावर आले. टक् टक्, फुंकर, पुकारा. सगळं तेच. फक्त पुकारा झाल्यावर ते आता खिडकीतून कुणाला विचारायचे नाहीत. माइकचं बटण दाबलेलंच ठेवून थांबायचे. अलिबाग गाडीचा फलाट सांगून झाला की कर्ण्यांतून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू यायचा. नवख्या माणसाला वाटायचं, यांना अजून काही सांगायचंय. आम्हाला माहीत होतं, ते वाट बघतायत. मी पलीकडून हात वर करायचो. मग बटण बंद व्हायचं.

आणि संध्याकाळी ते दुकानात यायला लागले. पूर्वीसारखेच. "काय म्हणतायत लोकं?"

आधी मला वाटलं, चार दिवस विचारतील. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. सीडी कुणी घेतली, कुठला माणूस, कुठे राहतो, परत आला की मला सांगा, एवढं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. गिऱ्हाईक स्टँडवर दिसलं की केबिन सोडून त्याला गाठायचे. "तुम्ही ऐकलीत ना? कसं वाटलं?" समोरचा सांगायला लागला, की तिसऱ्या गाण्यात असं आहे आणि पाचव्यात तसं, की लगेच यांचा तळहात पुढे. "आत काय आहे ते नका सांगू. ते मी ऐकणार आहे. कसं वाटलं तेवढं सांगा."

मी तुम्हाला सांगतो, हे ऐकणं भयंकर होतं. कारण ज्याने ज्याने ती सीडी शेवटपर्यंत ऐकली होती, त्याला माहीत होतं की तिच्या शेवटी एक मुलगा आपल्या बापाला काहीतरी विचारतोय. आणि तो बाप समोर उभा राहून विचारतोय, कसं वाटलं. चाचांना एकदा राहवलं नाही. "जनाब, तुमी एकदा ऐका तरी. शेवटचं एकच ऐका." साहेबांचा तळहात पुढे आला आणि चाचा गप्प झाले. सुकापूरची एक कॉलेजची मुलगी तर त्यांना बघून रडायलाच लागली. साहेब तिला समजावत बसले, "अगं, इतकं आवडलं का तुला? छान, छान." ती मान हलवत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी तरी काय करणार? आख्ख्या बाजाराने ती एक गोष्ट तोंडात धरून ठेवली होती.

तेव्हा वीज फार जायची. एकदा ते गल्ल्याशी उभे होते आणि अंधारलेल्या दुकानात आम्ही दोघं वारा घालत बोलत होतो. सीडी आतच राहिली होती ते माझ्या ध्यानात नव्हतं. वीज आली आणि माझा तो शहाणा प्लेयर आपोआप सुरू झाला. गिटार वाजलं आणि तो मुलगा गायला लागला, आमच्या दोघांच्या मध्ये, अगदी जवळून. साहेबांनी दोन्ही कान गच्च दाबले आणि ते रस्त्यावर पळाले. एक टेम्पो करकचून थांबला. मी बटण बंद करून धावत गेलो. ते दुभाजकाशी उभे होते, कान तसेच दाबलेले. मी त्यांचे हात धरून खाली घेतले.

"थोडं ऐकू आलं का हो मला?" त्यांनी विचारलं. "मी ऐकलं का थोडं?"

"नाही साहेब. नुसतं गिटार."

त्यांना बरं वाटलं. दुकानात येऊन पाणी प्यायले. मग खाली बघत म्हणाले, "त्याला सांगितलंय ना मी, शेवटी ऐकीन म्हणून. माझा नंबर शेवटचा. आणि खरं सांगू का कॅसेटवाले, एकदा ऐकलं की संपलं. मग त्याच्याकडून मला ऐकायचं काही उरत नाही. आत्ता निदान काहीतरी यायचंय."

त्या दिवशी मला कळलं, की हे रोज नवीन माणूस शोधतायत ते पोराचं कौतुक ऐकायला नव्हे. कुणीतरी ऐकायचं शिल्लक आहे, तोवर यांची पाळी येत नाही. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला त्यांनी आपल्या हाताने सीडी नेऊन दिली. त्याच्याकडे वाजवायला काही नव्हतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

काही वर्षं अशीच गेली. सीडीचे दिवस भरत आले. माझ्या दुकानात अर्धी जागा मोबाइल रिचार्जने घेतली. लोक मेमरी कार्डात गाणी भरून न्यायला लागले. बँडमधला एक पुण्याला गेला, एक बँकेत लागला, तिसरा गिटार विकून उलव्याला इमारतींचं काम बघायला लागला. 'पहिली फेरी' मात्र अधूनमधून कुणीतरी मागायचं. कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी मैत्रीण, कुणी ऐकून ऐकून आलेलं. दुपारी दुकान रिकामं असताना मी ती हळू आवाजात लावायचो, आणि खरं सांगतो, तेव्हा पायरीकडे बघायचो नाही. तिथे कुणी बसलंय असं वाटायचं.

एका संध्याकाळी साहेब गल्ल्याशी उभे असताना एक उंच, घामाघूम गृहस्थ आत आले. मी ओळखलं, आठवड्यापूर्वी सीडी घेऊन गेले होते. उलव्याच्याच दुसऱ्या एका बांधकामावर सुपरवायझर होते. त्यांनी सीडी माझ्यापुढे आपटली.

"दादा, बदलून द्या. खराब पीस आहे. शेवटी शेवटी आवाजच जातो."

"आवाज जातो?" हे साहेबांनी विचारलं.

"हो ना काका. शेवटचं गाणं नीट लागतं, मग मध्येच कोणीतरी काहीतरी विचारतं आणि..."

तळहात पुढे आला. "आत काय आहे ते नका सांगू. आवाज कुठे जातो ते सांगा."

"शेवटीच. आकडे पळतायत, सीडी फिरतेय, पण आवाज नाही. वायर तुटल्यासारखं."

वायर हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. साहेबांचा चेहरा बघवेना. महाडच्या प्रवाशांनी केबिनला घेराव घातला होता तेव्हा होता, अगदी तसा. मी त्या गृहस्थांना घाईघाईने दुसरी सीडी देऊन वाटेला लावलं आणि म्हटलं, "साहेब, बिघाड काही नाही. ती तशीच आहे. माझ्यावर विश्वास ठेवा."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही जवळ उभे राहून ऐकता. जवळ सगळंच ऐकू येतं." त्यांचा आवाज चढला होता. "इतकी वर्षं लोक ऐकतायत आणि शेवट त्यांच्यापर्यंत जातच नाहीये. पोरगं आत भिंतीशी बोलतंय, आणि मी मूर्खासारखा सगळ्यांना विचारत फिरतोय, कसं वाटलं, कसं वाटलं. एक माणूस बोलला नाही!"

ते तसेच निघून गेले. मला वाटलं, आता काही दिवस येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी सुटल्या सुटल्या ते दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. "लावा," ते म्हणाले. "शेवटचं लावा. कुठे तुटतंय ते मी बघतो."

"बसा मग आत."

"आत नाही. लांबून बघायला लागतं ते. मी केबिनपाशी उभा राहतो. स्पीकर बाहेर काढा, तोंड स्टँडकडे करा, आणि मी मान हलवली की सुरू करा."

मी दोन्ही स्पीकर गल्ल्यावर उभे केले. चाचा छत्र्या सोडून बाहेर आले. काय चाललंय ते कसं कुणास ठाऊक, पण सगळ्यांना कळलं होतं. रांगेतल्या रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली. मासळीवाली मावशी टोपलीवर बसली होती, ती उठून उभी राहिली. पलीकडे, केबिनच्या पायरीवर साहेब उभे होते. आयुष्यभर त्या बाजूने या बाजूला आवाज आला होता. त्यांनी मान हलवली.

गाणं सुरू झालं. ते कान देऊन ऐकत होते, मिस्त्री गळका पाइप शोधतो तसे, भुवया आवळून. एक कडवं झालं, दुसरं झालं. भुवया हळूहळू सैल झाल्या. गाणं संपलं.

टक् टक्.

त्यांनी चटकन मान वर केली. मग फुंकर. आणि मग भर दुपारच्या उन्हात, रस्ता ओलांडून, तो आवाज त्यांच्याकडे गेला. "बाबा, तिकडे पोचला का आवाज?"

साहेबांनी मागे वळून केबिनच्या खिडकीत बघितलं. मग पुन्हा माझ्या दुकानाकडे. माझ्याकडे नव्हे, पायरीकडे. सीडी नुसती फिरत होती. नेमकी तेव्हाच महाडची गाडी मागे यायला लागली, कंडक्टर शिट्टी मारत होता, आणि तिचं ते लाल धूड आमच्या दोघांच्या मध्ये आलं. मला काही दिसेना. गाडी वळायला वेळ घेत होती आणि आकडे पळत होते. मला एकच भीती वाटत होती, की गाडी हलेल आणि केबिनची पायरी रिकामी असेल.

गाडी हलली. साहेब तिथेच उभे होते. उजवा हात सरळ वर केलेला, खांद्यापासून बोटांपर्यंत ताठ. मी हात वर करून लगेच खाली घ्यायचो. ते घेत नव्हते. चेहरा ओला झाला होता तो पुसतही नव्हते. शांतता संपली, प्लेयर खट् करून थांबला, तरी हात वरच. मावशी पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "अरं, त्याला सांगा ना कोनीतरी, गावला, पोचला म्हनून!"

मग मी माझा हात वर केला. तो बघितल्यावर त्यांनी त्यांचा खाली घेतला.

रस्ता ओलांडून ते आले. मग कामाचं बोलावं तसं म्हणाले, "काही बिघाड नाही. कुणाची सीडी परत घेऊ नका."

त्यानंतर त्यांनी कुणालाही काहीही विचारलं नाही. पुकारे करत राहिले, पण बटण लगेच बंद व्हायचं. माझ्या हाताला काम उरलं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि माणगावकडच्या गावी निघून गेले. निरोप घ्यायला आले तेव्हा दुकानात बसून त्यांनी सगळी सीडी पहिल्या गाण्यापासून ऐकली, डोळे मिटून, आणि माझा खांदा दाबून गेले. दोन पावसाळ्यांनंतर ते गेल्याचं एका कंडक्टरने मला उभ्याउभ्या सांगितलं.

स्टँडवर आता त्यांच्यासारखं पुकारणारं कुणी नाही. माझ्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात. पण जुना प्लेयर मी काढलेला नाही, आणि एखाद्या संथ दुपारी ती सीडी लावतो. परवा एक मुलगा कव्हर निवडत होता. शेवटचं गाणं संपलं, टिचक्या वाजल्या, प्रश्न विचारून झाला. मी केबिनच्या पायरीकडे बघत होतो. तिथे कुणी नव्हतं.

"काका," तो मुलगा म्हणाला, "आवाज गेला वाटतं."

"गेला नाही," मी म्हटलं. "थांब जरा."